शिंगखतामागचे रुडॉल्फ स्टायनर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेंद्रिय शेतीविषयी मराठीत जे छापून येते, त्यात ‘बायोडायनॅमिक’ हा शब्द आला की पुढची ओळ बहुधा ठरलेली असते: ‘जर्मन कृषिशास्त्रज्ञ रुडॉल्फ स्टायनर यांनी शोधलेली पद्धत’. या एका ओळीत तीन चुका आहेत. स्टायनर ऑस्ट्रियन होते. शेती हा त्यांचा व्यवसाय किंवा अभ्यासविषय नव्हता. ते तत्त्वज्ञ आणि अध्यात्ममार्गाचे शिक्षक होते, आणि शेतीवर त्यांनी आयुष्याच्या अखेरीस जेमतेम दहा दिवस व्याख्याने दिली. शिवाय आज आपल्याकडे ज्या रूपात ही पद्धत शिकवली जाते (गायीच्या शिंगात शेण भरून, जमिनीत पुरून केलेले ‘शिंगखत’ हा तिचाच भाग), तिचा बराचसा भाग त्यांच्यानंतरच्या लोकांनी घातलेला आहे. ‘बायोडायनॅमिक’ हे नावसुद्धा त्यांनी दिलेले नाही. ही गफलत केवळ चरित्रापुरती असती तर पत्र लिहिले नसते. तिचे परिणाम शेतात दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्टायनर यांचा जन्म फेब्रुवारी १८६१ मध्ये क्रालयेवेच या गावी झाला. ते तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते, आज क्रोएशियात आहे. वडील रेल्वेत तारबाबू. त्यामुळे बालपण लहान लहान स्टेशनांवर गेले: एका बाजूला तारयंत्र आणि रुळांची भूमिती, दुसऱ्या बाजूला रान. १८७९ मध्ये ते व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठात गणित आणि विज्ञान शिकायला गेले. तिथल्या साहित्याच्या प्राध्यापकांनी, कार्ल युलियुस श्रोअर यांनी, त्यांना जर्मन कवी-विचारवंत गटेकडे वळवले आणि विशी ओलांडली न ओलांडली तोच गटेच्या विज्ञानविषयक लेखनाचे संपादन त्यांच्याकडे आले. स्टायनर समजून घ्यायचे तर ही जागा नीट पाहावी लागते. झाडाच्या पानातून पाकळी, पाकळीतून केसर असे एकाच अवयवाचे रूपांतर गटे पाहत होता. तो झाड कापून मोजत बसला नाही. त्याची वाढ मनात पुन्हा पुन्हा उभी करून त्याने नियम शोधला. पाहणारा जितका सूक्ष्म होईल तितके पाहिलेले खोल जाईल, हा गटेचा धडा स्टायनर यांनी पुढे आयुष्यभर चालवला.

याच काळात पोटापाण्यासाठी ते एका कुटुंबात शिकवणी करत. त्या घरातल्या एका मुलाला जलशीर्षाचा (डोक्यात पाणी साचण्याचा) विकार होता. वय दहाच्या आसपास, पण जेमतेम अक्षरओळख. अर्ध्या तासाच्या पाठासाठी स्टायनर कधी कधी दोन तास तयारी करत, कारण त्या मुलाला थकवा न येता जेवढे झेपेल तेवढेच आणि तशाच क्रमाने द्यायचे होते. तो मुलगा पुढे नेहमीच्या शाळेत गेला आणि डॉक्टर झाला. १९१९ च्या सप्टेंबरमध्ये श्टुटगार्टला ‘वाल्डोर्फ-अस्टोरिया’ सिगारेट कारखान्याचे मालक एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी स्टायनर यांच्याकडून शाळा सुरू करून घेतली, तिचे बीज या शिकवणीत आहे. आज मुंबई आणि हैदराबादेतही वाल्डोर्फ पद्धतीच्या शाळा आहेत. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणेच लिहायला हवे.

१८९० ते १८९७ ही वर्षे वायमारच्या गटे-शिलर अभिलेखागारात गेली. १८९१ मध्ये रोस्टोक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. नंतर बर्लिन, साप्ताहिकाचे संपादन, कामगारांच्या शाळेत इतिहास शिकवणे. चाळिशीपर्यंतचा हा माणूस उघडपणे आध्यात्मिक काही बोलत नव्हता. १९०२ मध्ये मात्र ते गूढविद्या आणि अध्यात्म यांचा अभ्यास करणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या जर्मन शाखेचे सरचिटणीस झाले.

इथे आपला खरा संबंध येतो. ही सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला निघाली असली तरी १८७९ मध्ये तिचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईत येऊन राहिले, त्यांचे मासिक मुंबईतच सुरू झाले आणि अड्यारला मुक्काम हलला तो १८८२ च्या अखेरीस. कर्म, मनस्, बुद्धी, आकाश हे शब्द स्टायनर यांच्या सुरुवातीच्या लेखनात दिसतात ते या वाटेने आलेले. त्यावरून ‘स्टायनर यांनी वेदांतून घेतले’ असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. ते तसे नाही. ते भारतात कधी आले नाहीत, आणि त्यांची भूमिका उलट होती: श्वासावर आधारलेली जुनी योगसाधना त्या काळच्या माणसाला योग्य होती, आधुनिक युरोपीय माणसाने स्पष्ट, जागृत विचारापासून सुरुवात करावी. अ‍ॅनी बेझंट यांच्या भोवतालच्या मंडळींनी बालवयातल्या कृष्णमूर्तींना जगद्गुरू म्हणून पुढे आणले, तेव्हा स्टायनर यांनी ते मान्य केले नाही. डिसेंबर १९१२ च्या अखेरीस कोलोन येथे त्यांच्या विचाराची वेगळी अँथ्रॉपॉसॉफिकल सोसायटी स्थापन झाली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्याच दिवसांत, त्याच शहरात, त्यांनी पाच व्याख्याने दिली ती भगवद्गीता आणि सेंट पॉल यांची पत्रे या विषयावर. भारतीय विचाराशी त्यांचे नाते आदराचे होते. भेद त्यांना मार्गाबद्दल होता.

तो मार्ग कोणता, हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही, आणि माझ्या मते शिंगखताआधी तेच सांगायला हवे. स्टायनर माणसाकडे चार पातळ्यांवर पाहतात: जड देह, त्याला वाढवणारा प्राणदेह, सुखदुःखाचा भावदेह आणि ‘मी’. यातल्या सूक्ष्म पातळ्या पाहता याव्यात म्हणून अभ्यास आहे, आणि अभ्यासात पाय घसरू नये म्हणून सहा जोड-अभ्यास आहेत. एकेक साधारण महिनाभर करायचा आणि पुढचा घेताना मागचा सोडायचा नाही.

पहिला विचारावर ताबा. रोज निदान पाच मिनिटे एखादी अगदी क्षुल्लक वस्तू घ्यायची, टाचणी किंवा पेन्सिल, आणि फक्त तिच्याशी संबंधित विचार क्रमाने करायचे: कशाची केली, कशी केली, असा आकार का. इथे हटकून होणारी चूक म्हणजे लोक देवाची मूर्ती किंवा दिव्याची ज्योत घेतात. मग वस्तूच मनाला धरून ठेवते आणि आपली शक्ती वापरलीच जात नाही. वस्तू कंटाळवाणी हवी, ती यासाठी. दुसरा कृतीवर ताबा: रोज ठरल्या वेळी एखादी अशी कृती करायची जिची काहीही गरज नाही. पूजा, व्यायाम, औषध चालत नाही, कारण ती कामे सवय किंवा फायदा करवून घेतो. तिसरा समतोल. यात भावना दाबणे अभिप्रेत नाही. दुःख पुरते जाणवावे, पण ते आपल्याला फरफटत नेऊ नये. जो कोरडा पडू लागला त्याने चुकीचा अभ्यास केला असे समजावे. चौथा, वाईटातही असलेले चांगले शोधणे. पाचवा, ‘हे मला माहीतच आहे’ असे न म्हणता नव्या गोष्टीला जागा देणे. सहाव्या महिन्यात पाचांचा मेळ घालायचा. याखेरीज रात्री झोपण्यापूर्वी दिवसाची उलट उजळणी: रात्रीच्या जेवणापासून मागे सकाळच्या उठण्यापर्यंत, स्वतःला त्रयस्थासारखे पाहत. जिना चढलो असू तर मनात तो वरून खाली, पायरी पायरी यायचा. सुलट क्रमाने केली तर ती नुसती आठवण होते आणि मन सवयीच्या उतारावरून घरंगळत जाते.

शेतकऱ्याला जवळचा असा एक अभ्यास यात आहे. समोर एक बी ठेवायचे. आकार, रंग नीट पाहायचे. मग यातून येणारे रोप डोळ्यांपुढे उभे करायचे. नंतर मनात म्हणायचे की हुबेहूब असे प्लास्टिकचे बी केले तरी त्यातून काहीच उगवणार नाही. मग या बियात न दिसणारे काय आहे? त्या प्रश्नावर शांतपणे थांबायचे. आणि या सगळ्याला त्यांची एक अट होती: ज्ञानात एक पाऊल पुढे टाकायचे तर चारित्र्यात तीन पावले टाकावीत.

आता शेती. ७ ते १६ जून १९२४ या काळात, तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाउजवळ कोबरविट्झ येथे काउंट कायझरलिंक यांच्या जहागिरीत आठ व्याख्याने झाली. श्रोते शंभरावर. बियाण्यांचा कस उतरतोय, जनावरे रोगट होताहेत, ही त्यांची तक्रार होती. स्टायनर यांनी आधी शिंगाची गोष्ट काढली नाही. आधी सांगितले ते हे: शेत हा एक स्वयंपूर्ण जीव आहे. जितका चारा तितकी जनावरे, जितकी जनावरे तितके खत, आणि ते सगळे शक्यतो त्याच बांधाच्या आत. गोठा नाही, पीकपालट नाही, कंपोस्ट नाही आणि टपालाने मागवलेले शिंगखत फवारले, तर त्याला स्टायनर यांच्या अर्थाने काहीच म्हणता येत नाही. साधा हिशेब करा. एकरी २५ ग्रॅम शिंगखतातून नत्र एक ग्रॅमही मिळत नाही. ते पोषण देण्यासाठी नाहीच. मातीतल्या जीवनाला चालना देण्यासाठी आहे, असे त्यांचे म्हणणे. ज्यांनी शेणखत थांबवून त्यावर भिस्त ठेवली त्यांचे उत्पन्न घटले तर नवल नाही.

कृतीत काय बिघडते तेही सांगतो. शिंग गायीचे हवे, बैलाचे नको, आणि ते नैसर्गिकरीत्या मेलेल्या गायीचे मिळते. गायीचे शिंग टोकाकडे भरीव, जड असते, बुडाशी वेतांची वळी दिसतात. बैलाचे पातळ आणि आत फार पोकळ असते. रंगवलेले शिंग घेऊ नये. शेण दुभत्या, चारा खाणाऱ्या गायीचे, ताजे आणि घट्ट. खुराकावर असलेल्या गायीचे पातळ शेण शिंगात सडते. शिंग ठासून भरावे, आत हवेची पोकळी राहता कामा नये. आपल्याकडे नवरात्राच्या सुमारास पुरतात आणि होळी ते पाडव्याच्या दरम्यान काढतात. युरोपातही क्रम तोच, शरद ते वसंत, कारण हिवाळ्यात जमीन आतून सर्वाधिक जागी असते अशी स्टायनर यांची धारणा. खड्डा दीड-दोन फूट खोल, तळाशी सुपीक माती, शिंगांची तोंडे खालच्या बाजूला म्हणजे पाणी साचणार नाही. आपल्या काळ्या रानात इथेच घोटाळा होतो. परतीच्या पावसात चिकण काळी माती पाणी धरून ठेवते आणि शेण हिरवेच राहते. पुढे उन्हात तीच जमीन भेगाळते आणि शिंगे कोरडी पडतात. म्हणून निचऱ्याची, मुरूममिश्रित जागा निवडावी, खड्ड्यात कंपोस्ट मिसळावे, वर आच्छादन ठेवून माती वाफशावर ठेवावी. मोठ्या झाडाजवळ खणू नये, मुळे शिंगात शिरतात. तयार खत गडद, मऊ असते आणि त्याला पावसानंतरच्या रानातल्या मातीचा वास येतो. शेणाचा वास किंवा मध्यभागी हिरवा गोळा असेल तर ते तयार नाही, पुन्हा पुरावे.

साठवण मातीच्या मडक्यात, झाकण सैल, मडक्याभोवती नारळाचा भुसा भरलेली पेटी. अधूनमधून ओल पाहावी. वाळून खडा झालेले शिंगखत पाणी शिंपडून जिवंत होत नाही. कीटकनाशकांच्या खोलीत ते ठेवू नये हे सांगावे लागू नये, पण बऱ्याच ठिकाणी जागा तीच असते.

वापरताना एकराला २५ ग्रॅम, सुमारे १३ लिटर पाण्यात. पाणी विहिरीचे किंवा पावसाचे, कोमट. नळाचे असेल तर रात्रभर उघडे ठेवावे म्हणजे क्लोरीन उडून जाईल. मग एक तास घुसळायचे. कडेकडेने एका दिशेला इतके की मध्ये भोवरा पडून तळाजवळ जाईल. तसा भोवरा पडला की झटकन दिशा बदलायची, पाणी खळबळते, उलटा भोवरा धरायचा. असे तासभर. एकाच दिशेने तासभर फिरवणे ही सर्रास दिसणारी चूक, आणि एका दिशेने फिरणारी मोटर लावली की ती पक्की होते. फवारणी संध्याकाळी, ओलसर जमिनीवर, मोठ्या थेंबांनी. पंपापेक्षा बादली आणि कडुनिंबाचा डहाळा बरा. घुसळलेले पाणी दोन-तीन तासांत संपवायचे, उद्यासाठी ठेवायचे नाही. पंपच वापरला तर तो तणनाशकाचा नसावा.

दुसरे गारगोटीचे, ज्याला ५०१ म्हणतात (शिंगखत ते ५००). गारगोटी मैद्यासारखी दळून, पाण्यात लापशी करून शिंगात भरायची आणि उलट मोसमात, पाडव्यानंतर पुरून नवरात्रात काढायची. मात्रा एकराला फक्त एक ग्रॅम, तेवढ्याच पाण्यात, तेवढाच वेळ घुसळून. हे मातीवर नव्हे, पिकावर, सूर्योदयाच्या वेळी, धुक्यासारखे बारीक. उन्हे चढल्यावर किंवा पाण्याचा ताण असलेल्या पिकावर मारले तर पाने करपतात. ठेवायचे काचेच्या बरणीत, उजेडात.

हे आकडे स्टायनर यांचे नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. त्यांनी कोबरविट्झला सांगितले होते एका शिंगातले खत, अर्धी बादली पाणी आणि सुमारे १२०० चौरस मीटर. आजची एकरी मात्रा, ५००-५०१ हे क्रमांक, साठवणीचे नियम पुढच्या पिढ्यांनी अनुभवाने ठरवले. भारतात १९९३ पासून वारंवार येऊन ते शिकवणारे न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर यांचा आपल्या इथल्या पद्धतीवर सर्वाधिक ठसा आहे.

चंद्राच्या बाबतीत तर सरमिसळ फारच झाली आहे. पेरणीची जी ‘बायोडायनॅमिक दिनदर्शिका’ आपल्याकडे फिरते ती स्टायनर यांची नाही. जर्मनीतल्या मारिया थून यांनी १९५० च्या दशकात मुळ्याच्या पेरण्या करून निरीक्षणे सुरू केली, त्यांतून ती पुढे निघाली. तिच्यात चंद्राच्या राशीवरून मुळे, पाने, फुले आणि फळे यांच्या पिकांचे दिवस ठरतात, आणि राशी आकाशात दिसतात तशा, कमी-जास्त लांबीच्या आहेत: चंद्र कन्येत तीन दिवसांहून अधिक राहतो आणि कर्केत दोन दिवसांहून कमी. आपल्या पंचांगात प्रत्येक रास सारखी, सव्वादोन दिवसांची. म्हणून पंचांगातली चंद्ररास पाहून ‘आज मुळांचा दिवस’ ठरवणारा बरेचदा वेगळ्याच वेळी पेरत असतो.

त्याहून मोठी गल्लत ‘उतरत्या चंद्राची’. शिंगखत उतरत्या चंद्रावर फवारावे हे वाचून शेतकरी कृष्णपक्ष धरतात. उतरता चंद्र म्हणजे कलेने कमी होणारा चंद्र नव्हे, आकाशात दिवसेंदिवस दक्षिणेकडे सरकणारा चंद्र. सूर्याचे दक्षिणायन वर्षातून एकदा, चंद्राचे दर सत्तावीस दिवसांत एकदा. पंचांगातच ते सापडते: चंद्र आर्द्रा नक्षत्रात शिरला की साधारणपणे तिथून मूळ नक्षत्रापर्यंत तो उतरता आणि मुळापासून पुन्हा मृगापर्यंत चढता. पौर्णिमा यात कुठेही येऊ शकते. मार्गशीर्ष पौर्णिमेचा चंद्र उत्तर टोकाशी असतो, ज्येष्ठातला दक्षिण टोकाशी.

याने फरक पडतो का, हा प्रश्न रास्त आहे, आणि स्टायनर यांनी स्वतः श्रोत्यांना प्रयोग करून पडताळायला सांगितले होते. त्यासाठी शेतकऱ्यांचे मंडळही तिथेच स्थापन झाले. स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ थेरविल येथे १९७८ पासून रासायनिक, सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक पद्धती शेजारी-शेजारी चालू आहेत. पहिल्या २१ वर्षांचा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला: सेंद्रिय व बायोडायनॅमिक पद्धतींत उत्पादन सरासरी २० टक्के कमी, पण खते आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी, कीडनाशके ९७ टक्के कमी, आणि मातीत गांडुळे व सूक्ष्मजीव जास्त. हा प्रयोग पूर्ण पद्धतींची तुलना करतो. त्यातला किती वाटा कुजलेल्या शेणखताचा आणि किती शिंगखताचा, हे त्यावरून सांगता येत नाही. ‘शास्त्राने शिंगखत सिद्ध केले’ असे लिहिणे म्हणूनच अयोग्य आहे.

स्टायनर यांच्या सगळ्याच मतांना मान डोलवावी असेही नाही. मानववंशांविषयी त्यांच्या व्याख्यानांत अशी विधाने आहेत जी आज वाचताना खटकतात. नेदरलँड्समधल्या, त्यांच्याच विचाराच्या मंडळींनी नेमलेल्या आयोगाने २००० मध्ये अशी १६ विधाने भेदभाव करणारी ठरवली. कर्करोगावर मिसलटो या बांडगुळाच्या अर्काचा उपचार त्यांच्यापासून निघाला. तो रुग्णालयातल्या उपचारांऐवजी घेण्याची गोष्ट नाही, हे आपल्या आरोग्य पुरवणीत तरी ठळकपणे यावे.

स्वित्झर्लंडमधल्या डॉर्नाखला त्यांनी उभारलेली लाकडी इमारत १९२२ च्या शेवटच्या रात्री जळाली. कोबरविट्झनंतर साडेतीन महिन्यांत त्यांचे अखेरचे व्याख्यान झाले आणि ३० मार्च १९२५ रोजी डॉर्नाखलाच ते गेले. शेतीवरची आपलीच सूचना शेतात वाढताना पाहायला त्यांना एकच हंगाम मिळाला.

आपल्या कृषी पानासाठी दोन विनंत्या आहेत. शिंगखताची कृती छापताना ती कुणाची, स्टायनर यांची की नंतरच्यांची, हे एका ओळीत लिहावे. आणि जिथे जिथे ‘उतरता चंद्र’ येईल तिथे कंसात ‘आर्द्रा ते मूळ’ एवढे द्यावे. पंचांग प्रत्येक घरात असतेच.

आपला,
एक अभ्यासक, सातारा